सावलीचे प्रयोग चुकतात कुठे? सहावी-सातवीच्या मुलांसाठी टप्प्याटप्प्याने रीत

सहावी-सातवीच्या प्रयोगवह्या तपासायला बसलं की दर वर्षी तेच दिसतं. 'प्रकाश सरळ रेषेत जातो' हे वाक्य प्रत्येक वहीत अचूक असतं, पण त्याच्या वरची निरीक्षणं पोकळ असतात. वस्तू दिव्याजवळ नेली, सावली मोठी झाली, निष्कर्ष सिद्ध. किती जवळ नेली? सावली किती मोठी झाली? तिची कड कुठे धरली? याचं उत्तर वहीत सापडत नाही. यात मुलांचा आळस फार थोडा असतो. प्रयोग मांडतानाच फसलेला असतो: दिवा चुकीचा निवडलेला, अंतर चुकीच्या जागेपासून मोजलेलं, दोन गोष्टी एकदम हलवलेल्या. मग आलेले आकडे पुस्तकाशी जुळत नाहीत आणि मूल ते खोडून पुस्तकातलं वाक्य उतरवून काढतं.

म्हणून ही रीत नीट क्रमाने देतो आहे. पहिले चार टप्पे अंधाऱ्या खोलीत करायचे, शेवटचे दोन उन्हात. उन्हातले आकडे सोलापूरचे आहेत, ते पुण्या-मुंबईच्या मुलांना चालणार नाहीत आणि त्यांचे आपल्याला चालत नाहीत. सगळीकडे लागू पडणारा नियम असा: एका वेळी एकच अंतर बदलायचं, आणि आपला दिवा केवढा आहे हे प्रयोगाआधीच माहीत करून घ्यायचं.

आधीची तयारी

खोली. दिवसा प्रयोग करणार असाल तर साध्या पडद्याने भागत नाही. आपल्याकडचं ऊन पडद्यातून सहज आत येतं. घरातली सोलापुरी चादर दुहेरी घडी करून खिडकीला लावा, वरच्या पट्टीवर खिळे किंवा चिमटे मारून. कडेच्या फटींत टॉवेल खोचा. दाराखालची फट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, तिथे पायपुसणं सरकवा. सरळ संध्याकाळी सातनंतर प्रयोग केलात तर ही सगळी खटपट वाचते, पण रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड आत येत नाही ना, ते बघावं लागतं.

तपासा: सगळे दिवे बंद करून तीन-चार मिनिटं थांबा. डोळे सरावले की हात पांढऱ्या भिंतीपासून वीतभर अंतरावर धरा. भिंतीवर हाताची पुसटशीही सावली दिसली तर कुठूनतरी उजेड येतो आहे. सावलीच्या उलट दिशेला शोधा, फट सापडेल.

दिवा. मोबाइलचा टॉर्च सगळ्यात चांगला, कारण त्याचा उजेड देणारा भाग अगदी लहान असतो. त्यावर काळ्या कागदाचा तुकडा ठेवा आणि त्याला सुईने एक-दोन मिलिमीटरचं भोक पाडा. आता भोक हाच आपला दिवा. काही फोनना दोन दिवे असतात. भोक त्यातल्या एकाच्याच समोर येऊ द्या. तीन-चार दिव्यांची बॅटरी वापरू नका. तितक्याच सावल्या एकावर एक पडतात आणि मुलं त्या सावलीच्या कडा समजून मोजत बसतात. मेणबत्तीची ज्योत हलते, म्हणून मोजमापाला ती नको.

सावध: टॉर्च सलग बराच वेळ चालू ठेवला की फोन तापतो. मोजून झालं की बंद करा. चिकटपट्टी थेट दिव्याच्या काचेवर लावू नका, कडेला लावा.

बाकीचं साहित्य. पांढरा ड्रॉइंग पेपर, शिवणाची टेप, कंपासमधला गुण्या, जुन्या वहीचे पुठ्ठे, अगरबत्तीच्या काड्या आणि कणकेचे दोन-तीन गोळे. कणकेत काडी रोवली की ती हवी तशी उभी राहते. वस्तू हातात धरायची नाही, हे आत्ताच ठरवून टाका. हात थरथरतो, हाताची सावली मध्ये येते आणि अंतर प्रत्येक वेळी बदलतं.

टप्पा १: प्रकाश सरळ जातो हे दाखवणं

तीन पुठ्ठे आणि तीन भोकं, हा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. पण तीन पुठ्ठ्यांना वेगवेगळी भोकं पाडली की ती कधीच एका रेषेत येत नाहीत. मग मुलं पुठ्ठे ओढून-ताणून, वाकवून उजेड पलीकडे नेतात. असं केल्यावर प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही.

१. दहा सेंटिमीटर बाजूचे तीन चौकोनी पुठ्ठे कापा. तिन्ही एकावर एक ठेवून, कडा जुळवून, दाभणाने एकदमच भोक पाडा. भोक दोन-तीन मिलिमीटरचं असावं.

२. प्रत्येक पुठ्ठ्याची खालची कड कणकेच्या लांबट वळीत रोवा. पुठ्ठे टेबलावर पंधरा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर उभे करा आणि गुण्या लावून ते ताठ आहेत का बघा.

३. तिन्ही भोकांतून एक दोरा ओवा आणि दोन्ही टोकं ताणून धरा. दोरा कुठल्याही भोकाच्या कडेला घासत असेल तर तो पुठ्ठा सरकवा. दोरा मोकळा ताणला गेला की हळूच काढून घ्या.

४. पहिल्या पुठ्ठ्याच्या पलीकडे, भोकाच्या उंचीवर येईल असा टॉर्च वह्यांच्या चवडीवर ठेवा. तिसऱ्या पुठ्ठ्याच्या मागे पांढरा कागद उभा करा. त्यावर उजेडाचा ठिपका पडेल.

५. आता फक्त मधला पुठ्ठा अर्धा सेंटिमीटर बाजूला सरकवा. ठिपका जातो. परत जागेवर आणा, ठिपका येतो. मग त्याच पुठ्ठ्याखाली दोन वह्या सरकवून तो उचला. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. आडवं सरकवून तुम्ही एवढंच दाखवलेलं असतं की प्रकाश डावीकडे-उजवीकडे वळला नाही. वर-खाली वळला नाही, हेही दाखवायला हवं.

सावध: भोकाला डोळा लावून टॉर्चकडे बघायचं नाही. कागदावरचा ठिपका बघायचा. लेझर दिवा या प्रयोगात आणूच नका.

एक शंका वर्गात नेहमी येते: पुठ्ठ्यांच्या मध्ये प्रकाशाची रेघ का दिसत नाही? प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरला तरच दिसतो, आणि इथे तो डोळ्यांसमोरून आडवा निघून जातो आहे. पुठ्ठ्यांच्या मध्ये पेटलेली अगरबत्ती धरा. धुराच्या कणांवर आपटून थोडा प्रकाश तुमच्याकडे वळतो आणि रेघ उमटते. टॉर्चसमोरचं काळं कागद काढून टाकलं तर ती आणखी ठळक दिसते.

टप्पा २: पारदर्शक, अपारदर्शक आणि मधले

हा टप्पा सोपा आहे, दहा मिनिटांत उरकतो. चूक एकच होते: मुलं वस्तूचं नाव बघून तिला रकान्यात टाकतात. 'कागद: अपारदर्शक' असं लिहून मोकळी होतात. कोणता कागद, किती घड्यांचा? पतंगाचा कागद, वहीचं पान, तेल लावलेलं वहीचं पान, ते दोनदा दुमडलेलं पान, हे सगळे वेगवेगळे वागतात. प्रत्येक वस्तू टॉर्च आणि भिंत यांच्या मध्ये उभी करा आणि भिंतीवर काय पडतं ते लिहा: गडद सावली, फिकी सावली की जवळजवळ काहीच नाही. रकाना त्यानंतर ठरवायचा.

पाण्याने भरलेला काचेचा पेला मुद्दाम ठेवा. काच आणि पाणी दोन्ही पारदर्शक, तरी भिंतीवर पेल्याच्या काळ्या कडा आणि मध्ये एक झगझगीत पट्टा पडतो. पाण्याने प्रकाश अडवलेला नाही, वळवलेला आहे. त्याची दिशा बदलली म्हणून एका जागी कमी आणि दुसरीकडे जास्त पडला. वहीत लिहा 'पारदर्शक', आणि शेजारी दिसलं ते लिहा.

टप्पा ३: सावली किती मोठी होते

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

१. भिंतीवर ड्रॉइंग पेपर ताठ चिकटवा. टेबल भिंतीला लावा आणि त्यावर टेप अंथरून दोन्ही टोकांना चिकटवून टाका. टेप भिंतीला काटकोनात असली पाहिजे.

२. टॉर्च असा ठेवा की काळ्या कागदातलं भोक भिंतीपासून बरोबर १०० सेंटिमीटरवर येईल. टेपचं शून्य भोकाच्या बरोबर खाली हवं. फोनच्या कडेखाली ठेवलं तर चालणार नाही. भोकापासून टेबलापर्यंत गुण्या उभा लावून ही जागा ठरवा.

३. जाड पुठ्ठ्याचा बरोबर ४ सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापा, काडीला चिकटवा, काडी कणकेत रोवा. चौकोनाचा मध्य आणि भोक एकाच उंचीवर आणा.

४. चौकोन दिव्यापासून ८० सेंटिमीटरवर ठेवा. सावलीच्या चारही कडांवर पेन्सिलीने बारीक खुणा करा. मोजणं नंतर, खोलीतला दिवा लावल्यावर. सावलीवरच पट्टी धरून मोजायला गेलात तर हातानेच ती झाकली जाते.

५. मग चौकोन ५०, ४०, २५ आणि २० सेंटिमीटरवर आणा. टॉर्च आणि कागद यांना बोटही लावायचं नाही.

नीट मोजलं तर सावलीची बाजू क्रमाने ५, ८, १०, १६ आणि २० सेंटिमीटर यायला हवी. ८० वरून ४० वर आलात, म्हणजे अंतर निम्मं झालं, की सावली दुप्पट होते. आणि ४० वरून २० वर आलात की पुन्हा दुप्पट. बहुतेकांची अपेक्षा असते की दर दहा सेंटिमीटरला सावली सारखीच वाढेल. तसं होत नाही, दिव्याजवळ ती झपाट्याने वाढते. याचं कारण आकृती काढली की दिसतं: दिव्यापासून चौकोनाच्या वरच्या आणि खालच्या कडेला लागून जाणारे दोन किरण सरळ भिंतीवर पोहोचतात, आणि त्यांच्या मधली जागा म्हणजे सावली. चौकोन दिव्याजवळ असला की हे किरण जास्त फाकलेले असतात.

तपासा: प्रत्येक ओळीत 'दिव्यापासूनचं अंतर गुणिले सावलीची बाजू' करून बघा. पाचही वेळा ४०० यायला हवेत. दहा-पंधराचा फरक इकडेतिकडे पडला तर चालेल. पण गुणाकार ८० ला ३९९ आणि २० ला ३८५ असा जवळ येता येता कमी होत असेल, तर मोजण्यात काही चूक नाही. शून्य चुकलं आहे. भोक तुमच्या शून्याच्या साधारण एक सेंटिमीटर मागे आहे. टेप सरकवा आणि पुन्हा मोजा. आकडे खोडू नका. जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी लिहा.

सावलीचा चौकोन एका बाजूला निमुळता झाला तर पुठ्ठा तिरका उभा आहे. उभी बाजू आणि आडवी बाजू वेगळी आली तरी कारण तेच, नाहीतर भिंतीवरचा कागद फुगलेला आहे.

आता कडेबद्दल. २० सेंटिमीटरवर सावलीची कड स्वच्छ येत नाही, एक राखाडी पट्टी दिसते. भोक एक मिलिमीटरचं असेल तर ती चार मिलिमीटर रुंद, आणि भोक न ठेवता तीन मिलिमीटरचा उघडा दिवा वापरला तर तब्बल बारा मिलिमीटर. कोणी पट्टीच्या आतली कड धरतं, कोणी बाहेरची, म्हणून एकाच बाकावरच्या दोघांचे आकडे जुळत नाहीत. खूण पट्टीच्या मध्यावर करा, दर वेळी. ही राखाडी पट्टी का येते, हे पुढच्या टप्प्यात.

टप्पा ४: प्रच्छाया आणि उपच्छाया

मोबाइलच्या भोकातून आलेला प्रकाश जवळजवळ एका बिंदूतून येतो. घरातला एलईडी बल्ब तसा नाही. त्याचा पांढरा घुमट साधारण सहा सेंटिमीटर रुंद असतो आणि घुमटाच्या प्रत्येक ठिकाणाहून प्रकाश निघतो. भिंतीवर काही जागा अशी असते की तिथून घुमटाचा कुठलाच भाग दिसत नाही, ती प्रच्छाया. तिच्याभोवतीच्या जागेवरून घुमटाचा थोडा भाग दिसतो, ती उपच्छाया. नुसती व्याख्या पाठ केली की परीक्षेत दोन्हींची अदलाबदल होते. एकदा करून बघितलं की होत नाही.

१. टेबललॅम्पमध्ये किंवा जोडवायरच्या होल्डरमध्ये बल्ब लावा. घुमटाची रुंदी आधी, बल्ब गार असताना मोजा.

२. पुठ्ठ्याची २ सेंटिमीटर व्यासाची चकती काडीवर लावून बल्बपासून ५० सेंटिमीटरवर ठेवा.

३. चकतीच्या मागे १० सेंटिमीटरवर पांढरा कागद उभा करा. मध्ये साधारण १.२ सेंटिमीटरचा गडद ठिपका आणि त्याभोवती फिकं वर्तुळ, एकूण साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. फिक्याची बाहेरची कड डोळ्यांना नीट सापडणार नाही, तिचा मोजमापाचा आग्रह धरू नका.

४. कागद हळूहळू मागे न्या. २० सेंटिमीटरवर गडद ठिपका जेमतेम ४ मिलिमीटरचा उरतो, २५ च्या पुढे तो नाहीसा होतो. नुसती उपच्छाया राहते, तीही पसरत आणि फिकी होत जाते.

इथे थांबून बघा: टप्पा ३ मध्ये सावली नेहमी वस्तूपेक्षा मोठीच होती, इथे गडद सावली वस्तूपेक्षा लहान होते आहे. दिवा वस्तूपेक्षा मोठा असल्याचा हा परिणाम. 'सावली वस्तूपेक्षा मोठी असते' असं सरसकट वाक्य वहीत असेल तर ते आता दुरुस्त करा.

सावध: होल्डर, वायर यांना हात लावायचं काम घरातल्या मोठ्यांकडे द्या. बटण बंद असल्याशिवाय बल्ब काढू-घालू नका.

ट्यूबलाइटखाली एक छोटा प्रयोग करता येतो, मला तो फार आवडतो. टेबलावर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वर पंधरा-वीस सेंटिमीटरवर पेन्सिल आडवी धरा. पेन्सिल ट्यूबला समांतर असेल तर कागदावर सावलीची बऱ्यापैकी रेखीव पट्टी दिसते. आता हात तिथेच ठेवून पेन्सिल नव्वद अंशांत वळवा. पट्टी विरघळून जाते, जवळजवळ दिसेनाशी होते. ट्यूब एका दिशेने चार फूट लांब आणि दुसऱ्या दिशेने दोन-तीन सेंटिमीटर रुंद, म्हणून एकच दिवा दोन तऱ्हांनी वागतो. उपच्छाया कशामुळे होते हे समजावायला मी वर्गात इथूनच सुरुवात करतो.

सूर्यही बिंदू नाही. जमिनीवर उभ्या काठीची सावली पायाशी रेखीव आणि टोकाशी पुसट असते. शाळेच्या झेंड्याच्या खांबाची बघा, किंवा संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची. विजेच्या तारेची तर रस्त्यावर धड सावलीच दिसत नाही. एक सेंटिमीटर जाडीच्या तारेची प्रच्छाया साधारण एक मीटरवरच संपते आणि तार असते कितीतरी उंच.

टप्पा ५: पत्र्याच्या भोकातला सूर्य

पत्र्याचं छप्पर असलेल्या घरात दुपारी फरशीवर उजेडाचे गोल कवडसे पडतात. खिळ्याचं भोक वेडंवाकडं, फाटलेलं, कधी चिरेसारखं. कवडसा मात्र गोल. तो गोल भोकाचा नाही, सूर्याचा आहे. सूचिछिद्र प्रतिमाग्राहकात (पिनहोल कॅमेऱ्यात) जे पुठ्ठ्याच्या पेटीत करतो, तेच इथे अख्ख्या खोलीत झालेलं असतं.

१. असा एखादा कवडसा निवडा. भोक पाच मिलिमीटरपेक्षा मोठं नको.

२. पांढरा पुठ्ठा कवडशात धरा आणि तो असा कलता करा की ठिपका लांबट न राहता गोल होईल. सूर्य तिरका असताना फरशीवरचा कवडसा लंबगोल असतो आणि मुलं त्याचीच लांबी मोजून मोकळी होतात.

३. ठिपक्याचा व्यास मोजा. मग भोकापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर, उजेडाच्या वाटेनेच, सरळ खाली नाही.

४. अंतराला व्यासाने भागा. उत्तर १०८ च्या आसपास यायला हवं. भोकापासून ठिपका २७० सेंटिमीटर लांब असेल तर व्यास अडीच सेंटिमीटर.

१०८ कुठून आले? सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे आणि त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. भागून बघा, १०७ च्या वर येईल. भोकापलीकडचा लहान त्रिकोण आणि अलीकडचा अवाढव्य त्रिकोण एकाच प्रमाणातले आहेत. प्रकाश सरळ रेषेत जात नसता तर हे जुळलं नसतं, म्हणून टप्पा १ चा खरा पुरावा मला इथे दिसतो.

घरावर स्लॅब असेल तर छोट्या आरशावर कागद चिकटवा, कागदात पाच मिलिमीटरचं चौकोनी भोक कापा आणि ऊन पाच-सहा मीटर लांबच्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. भोक चौकोनी, ठिपका गोल. पण आरसा भिंतीजवळ धरलात तर ठिपका चौकोनीच दिसेल. अंतर पुरेसं नसणं हीच इथली नेहमीची चूक.

सावध: भोकातून वर सूर्याकडे बघायचं नाही, आरशाचा झोत कोणाच्या तोंडावर मारायचा नाही. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच यातलं काहीही डोळ्याला वाचवत नाही. २ ऑगस्ट २०२७ ला भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. तेव्हा ढग नसतील तर हाच कवडसा एका बाजूने कुरतडलेला दिसेल, आणि बघायची ही सुरक्षित पद्धत आहे.

टप्पा ६: काठीची सावली आणि सोलापूरची खरी दुपार

'दुपारी बारा वाजता सावली सगळ्यात लहान असते' हे वाक्य सोलापुरात चूक ठरतं. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत आणि सोलापूर ७५.९ अंशांवर. फरक ६.६ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावरच्या रेषेत सुमारे २६ मिनिटं उशिरा येतो. त्यात वर्षभर थोडी भर-घट होत राहते: फेब्रुवारीच्या मध्यावर आपली खरी दुपार १२:४० ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० ला, एप्रिलच्या मध्यावर १२:२६ च्या आसपास.

१. गच्चीवर सपाट जागा निवडा आणि पुठ्ठा किंवा फळी ठेवा. गवंड्याकडची पाणसळ मिळाली तर उत्तम, नाहीतर पसरट ताटलीत पाणी ओतून पातळी बघा.

२. फळीपासून बरोबर ३० सेंटिमीटर वर येईल अशी सरळ काठी रोवा. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करा आणि काठी दोन बाजूंनी तपासा. एकाच बाजूने तपासलेली काठी दुसऱ्या बाजूला कललेली असते आणि दिवसभराची मेहनत वाया जाते.

३. साडेअकराच्या आधी सावलीच्या टोकावर खूण करा, वेळ लिहा. काठीच्या बुंध्यापासून त्या खुणेपर्यंतची त्रिज्या घेऊन वर्तुळ काढा.

४. दुपारनंतर सावलीचं टोक त्याच वर्तुळाला पुन्हा टेकेल. ती वेळ आणि ती खूण नोंदवा.

५. दोन वेळांचा मध्य म्हणजे खरी दुपार. सकाळी ११:२० आणि दुपारी १:३२ आलं तर मध्य १२:२६. दोन खुणांच्या बरोबर मधून बुंध्याकडे जाणारी रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण.

नुसती सगळ्यात लहान सावली शोधत बसू नका. दुपारच्या सुमारास दहा मिनिटांत ३० सेंटिमीटरच्या काठीची सावली जेमतेम एक मिलिमीटरने बदलते, तेवढा फरक कोणालाच धड पकडता येत नाही. वर्तुळाच्या रीतीत टोक तिरकं सरकताना वर्तुळ ओलांडतं, म्हणून वेळ नेमकी मिळते.

खऱ्या दुपारी या काठीची सावली सोलापुरात साधारण अशी पडते: २२ डिसेंबरला २६ सेंटिमीटर, संक्रांतीला २४, २१ मार्चला साडेनऊ, आणि सगळ्या उत्तरेकडे. २१ जूनला मात्र ३ सेंटिमीटर आणि दक्षिणेकडे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहत असल्यामुळे उन्हाळ्यात सूर्य आपल्या उत्तरेला जातो. 'दुपारची सावली नेहमी उत्तरेला' असं लिहिलेलं मी अनेक वह्यांत वाचलं आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ते आपल्या गच्चीवरच खोटं ठरतं.

सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते: सोलापुरात १०-११ मे आणि १-२ ऑगस्टच्या सुमारास. मोबाइलवर फिरणारी तारीख बहुधा मुंबईची किंवा पुण्याची असते, ती इथे लागू नाही. जिल्ह्यातही फरक पडतो: करमाळा उत्तरेला असल्याने तिथे मे महिन्यात दोन-तीन दिवस उशिरा, तर पंढरपूर जवळजवळ आपल्याच अक्षांशावर असल्याने त्याच दिवशी, फक्त दोनेक मिनिटांनी नंतर.

पण तारखेची फार चिंता करू नका, मिनिटांची करा. एक दिवस चुकला तर ३० सेंटिमीटरच्या काठीची सावली दीड मिलिमीटरही भरत नाही. चार मिनिटं चुकली तर अर्धा सेंटिमीटर. मेमध्ये १२:२२, ऑगस्टच्या सुरुवातीला १२:३२, या वेळांच्या दहा मिनिटं आधीपासून काठीजवळ बसा आणि दर दोन मिनिटांनी खूण करा. बारा वाजता बघून 'सावली आहे की!' म्हणत खाली उतरलेली मुलं दर वर्षी भेटतात.

सावध: मेमधल्या गच्चीची फरशी पाय भाजते. चप्पल, टोपी, पाण्याची बाटली घ्या, आणि दोन खुणांच्या मध्ये सावलीत जाऊन थांबा. लोखंडी गज वापरू नका, हात लावता येत नाही.

वहीत आकृती काढताना

आकृतीचा क्रम प्रयोगाच्या क्रमासारखाच ठेवा: आधी दिवा, मग वस्तू, मग पडदा, आणि सगळ्यात शेवटी सावली. सावली आधी काढून मग किरण तिला जुळवायला गेलात तर ते वाकतात. किरण पट्टीनेच काढा, बाणाचं टोक दिव्यापासून लांब जाणारं हवं. दिवा बिंदूएवढा असेल तर वस्तूच्या प्रत्येक कडेला एकच किरण लागतो. दिवा मोठा असेल तर दोन काढा, एक दिव्याच्या वरच्या टोकातून आणि एक खालच्या. या चार किरणांनी प्रच्छाया आणि उपच्छाया आपोआप वेगळ्या होतात.

सावलीला नाक-डोळे काढू नका. सावली म्हणजे प्रकाश न पोहोचलेली जागा. आरशातल्या प्रतिमेसारखे तपशील तिच्यात नसतात.

प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर चार गोष्टी लिहा: तारीख, वेळ, जागा आणि दिव्याची किंवा भोकाची रुंदी. शेवटचा रकाना हमखास राहतो. दोघांचे आकडे जुळले नाहीत की मी सगळ्यात आधी तोच बघतो.